काळ्या अस्वलाच्या शिकारीला पहिल्यांदा जाताय? पेनसिल्व्हेनियाच्या रानासाठी थोडं सविस्तर

इकडे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहणारे आपले बरेच जण विचारतात की ऑफिसातली माणसं नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुट्टी टाकून अस्वलाच्या शिकारीला जातात, आपल्याला जायचं तर सुरुवात कुठून करायची. बंदूक कुठली घेऊ हाच सगळ्यांचा पहिला प्रश्न, आणि माझ्या मते तो सगळ्यात शेवटचा असायला हवा, कारण इथे अस्वल मिळतं ते ऑक्टोबरमध्ये रानात पायपीट करणाऱ्याला, महागडी रायफल घेऊन थेट पहिल्या दिवशी उगवणाऱ्याला नाही.

हे सगळं अमेरिकन काळ्या अस्वलाबद्दल आहे हं. भारतात ह्यातलं काहीही चालत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि मेळघाट-ताडोब्यात दिसणारं आपलं अस्वल तर पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे हे वाचून गावाकडच्या रानाचा विचारसुद्धा करू नका. इथे परवानगी आहे कारण राज्याचं गेम कमिशन, म्हणजे वन्यजीव आणि शिकार सांभाळणारं खातं, दरवर्षी अस्वलांचा हिशोब ठेवतं आणि त्यावर सीझन किती दिवसांचा ते ठरवतं. १९७७ आणि १९७८ ला अस्वलं कमी झाली म्हणून त्यांनी सीझनच उघडला नव्हता, आणि आज राज्यात पंधरा हजारांच्या वर अस्वलं आहेत. २०१९ ला ४,६५३ अस्वलं मारली गेली, तो इथला विक्रम. पण लायसन्स घेणारे दोन लाखांच्या आसपास असतात हे पण लक्षात घ्या, म्हणजे बहुतेक लोक रिकाम्या हाताने परत येतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता कागदपत्रं, आणि हा भाग आपल्या लोकांनी दोनदा वाचा. तुम्ही एच-वन-बी, एल-वन, एफ-वन असल्या व्हिसावर असाल तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे तुम्हाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला मनाई आहे, आणि त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. चालू म्हणजे चालू. ते संपलं आणि कपाटात गोळ्यांचं खोकं राहिलं तर तुम्ही कायद्याच्या बाहेर गेलात, मित्राची रायफल नेमबाजीच्या रेंजवर सहज हातात घेतली तरी तो ताबाच धरला जाऊ शकतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. तरी व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलून घ्या, त्याची फी तुमच्या स्कोपपेक्षा, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीपेक्षा, कमी असेल आणि इथे चुकलात तर नोकरी-घर सगळंच पणाला लागतं.

लायसन्सच्या आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. ऑनलाइनही आहे, पण जमलं तर समोर बसून करा, कारण तिथे शिकवणारे लोक स्वतः वर्षानुवर्षं रानात फिरलेले असतात आणि कोर्स संपल्यावर कॉफी पिताना जे सांगतात ते कुठल्याही व्हिडिओत मिळत नाही. मग जनरल लायसन्स आणि त्याच्यावर अस्वलाचं वेगळं लायसन्स. वर्षाला एकच अस्वल. धनुष्यबाणाचा आणि मझललोडरचा (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची जुन्या धाटणीची बंदूक) सीझन ऑक्टोबरच्या आसपास येतो, आणि रायफलचा मुख्य सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी चालू होऊन मंगळवारी संपतो, काही भागांत हरणाच्या सीझनमध्येही थोडे दिवस मिळतात. तारखा आणि नियम दरवर्षी हलतात, म्हणून त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक उघडून स्वतः वाचायचं, मागच्या वर्षी अमुक चालत होतं ह्यावर जायचं नाही.

रायफलचा सीझन इतक्या उशिरा का ठेवलाय ते समजून घ्या म्हणजे अस्वलही समजेल. मादीचा समागम उन्हाळ्यात होतो पण गर्भ लगेच रुजत नाही, तो थांबून राहतो, आणि शरद ऋतूत अंगावर पुरेशी चरबी चढली तरच पुढे वाढतो, पिल्लं जानेवारीत गुहेत जन्मतात. त्यामुळे गाभण मादी सगळ्यात आधी गुहेत शिरते, नोव्हेंबरच्या शेवटाकडे बऱ्याचशा आत गेलेल्या असतात आणि बाहेर जास्त करून नर फिरतात. उशिराच्या सीझनमुळे पुढच्या पिढीच्या आया वाचतात. ज्या वर्षी रानात खायला नसतं त्या वर्षी अस्वलं लवकर झोपतात, आणि भरपूर असलं तर डिसेंबरपर्यंत चरत राहतात.

म्हणून अस्वल शोधायचं म्हणजे त्याचं खाणं शोधायचं, बाकी सगळं त्याच्यानंतर. शरदात अस्वलाला वेड्यासारखी भूक लागते, दिवसाला १५ ते २० हजार कॅलरी ते पोटात ढकलतं आणि दिवसातला बहुतेक वेळ खाण्यातच घालवतं. इथल्या डोंगरांत त्याचं मुख्य अन्न म्हणजे ओकच्या झाडाची फळं, एकॉर्न, मग बीचच्या झाडाच्या बिया, हिकरीची फळं, काळी चेरी, आणि शेताच्या कडेला असेल तर उभा मका. ओकमध्ये पण फरक करायला शिका. व्हाइट ओकचं पान गोलसर कडांचं, रेड ओकच्या पानाच्या टोकांना बारीक काटे. व्हाइट ओकचं एकॉर्न एका वर्षात पिकतं, कमी तुरट असतं, म्हणून अस्वल, हरिण, टर्की सगळे आधी त्याच्यावर तुटून पडतात आणि ते लवकर संपतं. रेड ओकचं पिकायला दोन वर्षं घेतं, तुरट असतं, पण जमिनीवर जास्त दिवस टिकतं, म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी बरेचदा तेच उरलेलं असतं. सप्टेंबरमध्ये दुर्बिणीने झाडांचे शेंडे बघत फिरा, कुठल्या डोंगराला फळ धरलंय आणि कुठला रिकामा आहे ते नकाशावर टिपून ठेवा, एकाच खोऱ्यात डोंगराची एक सोंड भरलेली आणि समोरची कोरडी असं सर्रास होतं.

मग खुणा. बीचच्या झाडाची साल गुळगुळीत, राखाडी असते, अस्वल चढलं की त्याच्यावर पाच-पाच नखांचे ओरखडे उमटतात, जुने ओरखडे काळे पडून रुंदावतात आणि ताजे कडेला कच्च्या लाकडाच्या रंगाचे, ओलसर दिसतात. ओक किंवा चेरीच्या शेंड्यावर फांद्या आत ओढून मोडलेल्या, पानं तिथेच वाळून लटकलेली दिसली तर तिथे अस्वल बसून जेवलंय. कुजलेले ओंडके फोडलेले, दगड उलटे केलेले, मुंग्यांची वारुळं उकरलेली, हे सगळं बघत जा. विष्ठा काडीने फोडून बघायला कचरू नका, एकॉर्न खाणाऱ्या अस्वलाची विष्ठा तपकिरी, जाडसर भरड पिठासारखी असते आणि त्यात टरफलाचे तुकडे असतात, चेरी खाल्ली असेल तर बियांचा नुसता सडा, आणि वर चकाकी असेल, माशा असतील तर ती आजकालचीच. चिखलात पुढच्या पंजाचा ठसा सापडला तर तळव्याची रुंदी मोजा, साडेचार-पाच इंच म्हणजे चांगलं मोठं जनावर.

खाणं सापडलं की लपण बघायचं. सीझनच्या पहिल्या सकाळी रानात एवढी माणसं शिरतात की अस्वल उघड्या ओकच्या रानात राहतच नाही, ते गचपणात घुसतं. माउंटन लॉरेल आणि रोडोडेंड्रॉन ह्या झुडपांची दाट जाळी, दलदलीच्या कडा, वादळात पडलेल्या झाडांचे ढीग, तोड झाल्यावर पाच-दहा वर्षांत उगवलेला दाट झाडोरा, ही त्याची ठिकाणं. सह्याद्रीत भटकलेल्यांना ही भाषा लगेच कळेल: एकॉर्नची सोंड, खाली लॉरेलचं गचपण, आणि दोन्हीच्या मधली खिंड किंवा ओघळ. अस्वलाला हाकललं की ते शक्यतो त्या खिंडीतून जातं, डोंगरधार उघड्यावर ओलांडत नाही. ठिय्या तिथे द्या.

जागा कमी नाही. राज्याच्या गेम लँड्स, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या सरकारी जमिनी, १५ लाख एकर, सरकारी जंगलं २२ लाख एकर, आणि वर अ‍ॅलेगेनी नॅशनल फॉरेस्ट, सगळं लोकांसाठी खुलं. लायकमिंग, क्लिंटन, टायोगा, पॉटर ह्या काउंट्या जुन्या नावाजलेल्या, पूर्वेला पोकोनोजकडे पाइक. खाजगी जमिनीत मालकाला विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही, आणि माणसं राहतात त्या इमारतीच्या १५० यार्डांच्या आत बंदुकीने शिकार करायची नाही.

वाऱ्याचं सांगायचं राहिलं होतं. अस्वलाची नजर वाईट असते हा गैरसमज आहे, ती साधारण माणसाएवढी असते, पण नाकाची गोष्टच वेगळी, वारा तुमच्याकडून त्याच्याकडे गेला की संपलं, तुम्हाला कळणारही नाही की अस्वल येऊन परत गेलं. सकाळी ऊन पडल्यावर हवा उतारावरून वर चढते आणि संध्याकाळी गार होऊन खाली उतरते, त्यामुळे सकाळची बसायची जागा संध्याकाळी चालेलच असं नाही. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा आणि मधूनमधून चिमूटभर उडवून बघा.

पद्धतींबद्दल. पेनसिल्व्हेनियात आमिष आणि कुत्री दोन्ही बंद आहेत, आणि जागेवर आधी कुणी खाणं टाकलं असेल तर ते उचलल्यावर ३० दिवस तिथे शिकार करता येत नाही, म्हणून एखाद्याच्या केबिनच्या मागे मका टाकायचा फीडर, म्हणजे जनावरांना खाऊ घालायचं यंत्र, दिसला तर लांब जा. मेन राज्यात बहुतेक शिकार आमिषावरच होते आणि २०१४ ला तिथल्या लोकांनी ती बंद करायचा प्रस्ताव मतदानात फेटाळला, कोलोरॅडोत उलट १९९२ लाच मतदारांनी आमिष, कुत्री आणि वसंतातली शिकार तिन्ही बंद केली, थोडक्यात दुसऱ्या राज्यातला माणूस सांगेल ते इथे लागू होईलच असं नाही. इथे दोन रस्ते. एक म्हणजे एकट्याने ठिय्या देऊन बसणं, दिवसभर, जेवणासकट, कारण दुपारी बाकीचे लोक हलायला लागले की अस्वलं उठतात. दुसरा म्हणजे हाका. इथल्या जुन्या कॅम्पांची ही परंपरा आहे, काही जण गचपणातून ओरडत, काठ्या आपटत येतात आणि काही जण पुढे खिंडीवर उभे असतात, एका गटात २५ पेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. नवख्याने शक्य असेल तर पहिल्या वर्षी एखाद्या अनुभवी गटाबरोबर हाक्यालाच जावं असं माझं ठाम मत आहे, कारण रान कसं वाचायचं ते दोन दिवसांत कळतं. फक्त तिथे एक नियम जिवापाड पाळायचा, हाकारे ज्या दिशेने येतायत त्या दिशेला गोळी नाही, समोर कितीही मोठं अस्वल असलं तरी नाही. डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच नारंगी कापड चारी बाजूंनी दिसलं पाहिजे हा कायदा आहे, मी तर म्हणतो टोपी आणि पूर्ण जॅकेट दोन्ही घाला.

बंदूक. थर्टी-ऑट-सिक्स, थ्री-ओ-एट, टू-सेव्हंटी, जुनी थर्टी-थर्टी लिव्हर, ह्या कॅलिबरची, म्हणजे गोळीच्या मापाची, कुठलीही रायफल पुरते, सेमी-ऑटोमॅटिक रायफल इथे अस्वलाला चालत नाही. गचपणात अंतर बरेचदा पन्नास यार्डांच्या आत असतं, म्हणून स्कोप कमीत कमी मॅग्निफिकेशनवर ठेवा, नाहीतर काचेत नुसते काळे केस दिसतील आणि पुढचं कुठलं मागचं कुठलं ते कळणार नाही. मोठ्या मॅग्नमचा, म्हणजे जास्त ताकदीच्या गोळीचा, धक्का खांद्याला बसला की नवीन माणूस ट्रिगर ओढताना डोळे मिटतो, त्यापेक्षा मध्यम रायफल आणि भरपूर सराव. टेबलावर टेकवून रायफलचा नेम जुळवून घ्या आणि मग टेबल सोडा, गुडघ्यावर, बसून, झाडाला टेकून, जाड जॅकेट आणि हातमोजे घालून मारा. परवडलं तर तांब्याच्या गोळ्या घ्या, शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात पसरतात आणि ते मांस तुमची मुलं खाणार आहेत.

आता तो क्षण. आधी अस्वल केवढं आहे ते बघा, काळा रंग फसवतो, एकटं दिसलं की प्रत्येक अस्वल मोठंच वाटतं. कान बघायचे. लहान अस्वलाचे कान डोक्यावर उभे आणि मोठे दिसतात, मोठ्या नराचं डोकं रुंदावलेलं असतं म्हणून कान छोटे आणि बाजूला गेलेले वाटतात, पाय आखूड दिसतात, पोट जमिनीकडे लोंबतं. मग थांबून मागे बघा. पिल्लं आईच्या मागे थोड्या अंतराने येतात किंवा झाडावर चढून बसलेली असतात, बऱ्याच राज्यांत पिल्लंवाली मादी मारणं गुन्हा आहे, आणि कायदा काहीही म्हणो, मनात जरा जरी शंका असेल तर बोट ट्रिगरवरून बाजूला. १९०२ ला मिसिसिपीत थिओडोर रूझवेल्टसाठी होल्ट कॉलियर नावाच्या पट्टीच्या शिकाऱ्याने अस्वल झाडाला बांधून ठेवलं होतं, रूझवेल्टने बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला नकार दिला, त्यावर व्यंगचित्र आलं आणि त्यातूनच टेडी बेअर जन्माला आलं. इथले जुने शिकारी अजूनही त्याच मापाने माणूस मोजतात.

नेम कुठे? अस्वल आडवं उभं असावं किंवा किंचित तिरपं, तुमच्यापासून पलीकडे तोंड केलेलं. जवळच्या बाजूचा पुढचा पाय पुढे टाकेपर्यंत थांबा, मग खांद्याच्या लगेच मागे, अंगाच्या उंचीच्या मधोमध किंवा जरासं खाली. पोटाखाली लांब केस लोंबतात, त्यामुळे अंग आहे त्यापेक्षा खोल दिसतं आणि खूप खाली नेम धरला तर गोळी नुसती केसांतून जाते. समोरासमोर नाही, डोक्यावर नाही, कवटी उतरती आणि जाड असते. पळत्या अस्वलावर नवख्याने मारू नये असं मला मनापासून वाटतं, जखमी अस्वल लॉरेलमध्ये शिरलं तर ते तडफडत मरतं आणि तुम्हालाही धोका.

गोळी लागल्यावर लगेच धावू नका. ते कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठे दिसलं ती दोन झाडं डोक्यात पक्की करा, दुसरी गोळी भरा, कान द्या, आणि अर्धा तास थांबा. अस्वलाचा रक्ताचा माग फार कमी मिळतो कारण चरबी भोक बुजवते आणि दाट केस रक्त शोषून घेतात, म्हणून मोडलेली झुडपं, उलटलेली पानं, पानांच्या खालच्या बाजूला पुसलेलं रक्त असं बघत सावकाश जायचं. पडलेलं दिसलं तर मागून जा आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा, पापणी हलली नाही तरच पुढे.

लायसन्सबरोबर मिळणारा टॅग तिथल्या तिथे, अस्वल हलवायच्या आधी भरायचा. आणि आता खरी घाई, कारण एवढी चरबी आणि एवढे केस म्हणजे आतली उष्णता बाहेर पडतच नाही, थंडी असली तरी मांस आतून खराब व्हायला लागतं. आतडी लगेच काढा, मूत्राशय फुटू देऊ नका, पोटात काड्या घालून उघडं ठेवा, हवा गरम असेल तर आत बर्फाच्या पिशव्या. ओढायला प्लॅस्टिकची स्लेज न्या, तीनशे पाउंडांच्या अस्वलाला धरायला काहीच नसतं, आणि नोव्हेंबरच्या शेवटी पाचच्या आतच सूर्य मावळतो, हेडलॅम्प दोन ठेवा. २४ तासांच्या आत अस्वल गेम कमिशनच्या चेक स्टेशनवर, म्हणजे तपासणी केंद्रावर, न्यावं लागतं, तिथे वजन घेतात आणि एक छोटा दात काढतात, त्याच्या आडव्या कापावर झाडासारखी वर्षाची वर्तुळं दिसतात आणि वय कळतं. पुढचा सीझन केवढा ठेवायचा ते ह्याच आकड्यांवरून ठरतं, म्हणून तिथल्या लोकांना कुठे मारलं ते नीट सांगा.

मांसाबद्दल मी कडक आहे. अस्वलात ट्रिकिनेला नावाची सूक्ष्म अळी असू शकते आणि अस्वलातल्या तिच्या काही जाती फ्रीझरमध्ये मरत नाहीत. २०२२ ला साउथ डकोटात एका कुटुंबाने कॅनडातल्या सस्कॅचवानच्या अस्वलाचे कबाब केले, मांस ४५ दिवस गोठवलेलं होतं, तरी सहा जण आजारी पडले, त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, फक्त त्याच्यासोबत शिजवलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. मांसाचा रंग मुळात गडद, त्यामुळे कच्चं राहिलंय ते डोळ्यांना कळलं नाही. म्हणून थर्मामीटर, आतलं तापमान १६५ फॅरेनहाइट म्हणजे ७४ सेल्सिअस, आणि कच्च्या मांसाची सुरी-पाट वेगळे. आपल्या घरात कुकर आहे ते इथे फार कामाला येतं, आत शंभर अंशांच्या वर तापमान जातं आणि चिवट मांस मऊही होतं. बाहेरची चरबी सगळी काढून टाका, ती खवट होते, मग मटणासारखंच करा, कांदा-खोबऱ्याचं भाजून वाटण, काळा मसाला, रस्सा पातळच ठेवा. एकॉर्नवर पोसलेल्या अस्वलाचं मांस गोडसर लागतं, कचऱ्याच्या डब्यांवर वाढलेल्याचं नाही, म्हणून वस्तीजवळचं अस्वल मी टाळतो. काढलेली ताजी पांढरी चरबी थोडं पाणी घालून मंद आचेवर वितळवा, गाळून बरणीत फ्रिजला ठेवा, बिस्किटं आणि पाई भाजायला उत्तम आणि चामड्याच्या बुटांना लावायलाही.

कातडं ठेवायचं असेल तर त्याच दिवशी मीठ लावा किंवा टॅक्सिडर्मिस्टकडे (जनावरांची कातडी भरून सांभाळणाऱ्याकडे) गोठवून द्या. पित्ताशय कोणी विकत मागितलं तर सरळ नाही म्हणा, त्या व्यापाराने आशियातली अस्वलं धोक्यात आलीत आणि इथल्या बऱ्याच राज्यांत तो गुन्हा आहे. आणि नख किंवा दात आठवण म्हणून सुटकेसमध्ये टाकून भारतात नेऊ नका, काळं अस्वल साइटीस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) च्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय सीमा ओलांडली की दोन्हीकडच्या कस्टम्सला उत्तर द्यावं लागेल.